नंबर पडलेला माल

आलापल्ली
५ एप्रिल १९८७

चि. कुंदा हिस सप्रेम जयभीम.

तू मला पत्र लिहायचं नाही असं ठरवलंस, ते ठीक. पण मी तुला लिहायचं नाही असं कुठे ठरलं होतं?

मागच्या आठवड्यात तुझं पत्र आलं. वर मायना "आईस". आता तुझ्या आईला अक्षर लागत नाही हे तुला माहीत, आणि घरात वाचणारा मी एकटाच, हेही माहीत. म्हणजे चुलीपुढे बसून मीच मोठ्यानं वाचायचं, "बाबांना सांग, माझा राग गेलेला नाही." मी वाचलं. तुझ्या आईनं भाकर उलटली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "ऐकलं का? थे म्हणून राह्यली, राग गेला नाई." मी म्हटलं, "अगं, मीच तर वाचलं!" तरी तिनं पुन्हा एकदा सांगितलं. तू निरोप सोपवला होतास ना, तो तिनं पोहोचवला.

तर राग असू दे. बातमी निराळीच आहे. डेपोमागची बाग नवी झाली.

तीच बाग, तुझ्या लहानपणची. तू जिथे झोपाळ्यावरून पडून पुढचे दात पाडून घेतलेस ती. मधल्या काळात तिथे वेडी बाभूळ, शेळ्या आणि एका साखळीवर लोंबकळणारी पाटी एवढंच उरलं होतं. आता नवे साहेब आले आहेत, त्यांना लहान मुलं आहेत, म्हणून भाग्य उजळलं. भोवती कुंपण झालं. लाल-पिवळी घसरगुंडी आली, तिचा पत्रा असा गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. दोन झोपाळे आले. मधोमध सीसॉ आहे. तो मात्र आपल्या घरचा, डेपोतला सागाचा सरळसोट ओंडका, साल काढून, रंधा मारून घोडीवर आडवा ठेवलेला. मुठी ठोकायच्या राहिल्यात, सध्या दोरानं बांधला आहे, पण पोरांना कुठे दम? गावातली सगळी पोरं तिथे. काही मोठे लोकही संध्याकाळी अंधार पडल्यावर झोपाळ्यावर बसून घेतात, नावं सांगत नाही.

काल तुझ्या विशूला घेऊन गेलो होतो. पहिल्याच दिवशी घसरगुंडीवरून सरसर खाली. भीती म्हणून नाही.

आता तूच सांग. नागपूरच्या तुझ्या क्वार्टरापुढे काय आहे? तूच लिहिलं होतंस, मोठी नाली आहे आणि डास फार. बागेजवळची पोर उचलून नालीजवळ नेण्यात काय शहाणपण? तुझं नर्सचं शिक्षण दोन वर्षं हॉस्टेलात झालं, तेव्हा हे लेकरू आम्हीच सांभाळलं. आता तुला नोकरी लागली, जावई सोमाजीरावांना एसटीच्या वर्कशॉपात कायम केलं, दोन खोल्या मिळाल्या, तर जानेवारीत येऊन उभी राहिलीस, "माझी मुलगी द्या." पोर म्हणजे काय डेपोतला माल आहे, पास दाखवला की उचलला? मी नाही दिली. तू तशीच परत गेलीस, आणि तेव्हापासून हे "आईस" सुरू.

शांतपणे विचार कर. एवढंच म्हणणं आहे.

तुझा बाप
बापूराव

आलापल्ली
१६ एप्रिल १९८७

चि. कुंदा हिस जयभीम.

परवा जयंती झाली. विहारापासून बसस्टँडपर्यंत मिरवणूक निघाली. विशूला निळा झेंडा दिला होता, तो तिनं पूर्ण रस्ता माझ्या डोळ्यात खुपसला. खीर झाली, बुंदी झाली, लेझीम झालं. संध्याकाळी सगळं गाव नव्या बागेत.

आता पुढचं तुझी आई सांगते आहे, मी फक्त हमाल. तिनं मागचं पत्र पेटीत टाकण्याआधी माझ्याकडून वाचून घेतलं होतं आणि तेव्हापासून ती बसू देत नाही.

"लिवा," म्हणते, "खरं लिवा. पोरगी घसरगुंडीवर चढते, वर जाऊन बसते, अन् तशीच सिडीनं खाली येते. घसरत नाई."

मी म्हटलं, लिहितो.

"काऊन घसरत नाई, थे बी लिवा."

ते मी लिहिणार नव्हतो. पण ती समोर बसली आहे आणि पेनाकडे बघते आहे. तर, विशू म्हणते, माय खाली उभी राहीन तवाच घसरीन. मी खाली उभा राहून पाहिलं, तिची आजी उभी राहिली, शेजारची शकिलाबाई बुरखा सावरत उभी राहिली. केळं दाखवलं. शेवटी मी स्वतः वर चढून घसरून दाखवलं. मधेच अडकलो. माझं धोतर कुठे अडकलं ते त्या पत्र्याला ठाऊक. डेपोतल्या सुकलू आणि लालसू दोघांनी पाय धरून ओढलं तेव्हा सुटलो. विशू वर बसून टाळ्या वाजवत होती, पण घसरली नाही ती नाहीच.

झालं तुझ्या आईचं. आता माझं.

तू शाळा शाळा करतेस. अगं, शाळा मी घरी उघडली आहे. तीस वर्षं ओंडक्यांवर नंबर टाकण्यात गेली, मला एका पोरीला आकडे शिकवता येणार नाहीत? आणि माझी पद्धत बघ. डेपोत टाकतात तसे एकाखाली एक तीन आकडे. वर नंबर, त्याखाली लांबी, त्याखाली गोलाई. पोरीला एवढं आवडलं की काही विचारू नको. आता घरात बिननंबरी वस्तू उरली नाही. रांजण, उखळ, माझी छत्री, सगळ्यांवर खडूचे तीन तीन आकडे. तिला अजून पाचापर्यंतच येतं, म्हणून आपल्या घरात कुठल्याच वस्तूची लांबी पाचावर जात नाही. शकिलाबाईची बकरीसुद्धा सोडली नाही. शकिलाबाई आली, म्हणाली, "बापूरावभाऊ, माह्या बकरीचा लिलाव कवा हाय, थे तं सांगा!"

संध्याकाळी आम्ही दोघं बागेच्या कुंपणाशी बसून पलीकडे ट्रक भरताना बघतो. तिला फार प्रश्न. परवा विचारलं, "आबा, हे लाकडं कुठी जातेत?"

"बल्लारशाले. नागपूरले."

"माह्या मायच्या गावाले?"

"हो."

"सारेच जातेत?"

मी म्हटलं, "ज्यावर नंबर पडला तो जातो. बिना नंबरचा निघाला तर नाक्यावर अडवतात अन् परत पाठवतात."

तिनं नीट ऐकून घेतलं. किती हुशार पोर आहे बघ, एकदा सांगितलेलं विसरत नाही. अशा पोरीला नागपूरची शाळा आणखी काय शिकवणार आहे?

बापूराव

आलापल्ली
२ मे १९८७

चि. कुंदा हिस जयभीम.

तुझं पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं. विशूचं नाव शाळेत घातलंस, जूनमध्ये न्यायला येणार, "बाबा काहीही म्हणोत." वाचताना "काहीही म्हणोत" मी जरा हळू वाचलं, पण तुझ्या आईचे कान सशाचे. माझं म्हणणं एवढंच, की बाबा काही म्हणत नाहीत. येशील तेव्हा पाहू.

बागेत रोज दोन वेळा जातो. सकाळी ऊन तापायच्या आधी आणि मग पाच वाजल्यानंतर. मोहाचा वास इकडे भरून राहिला आहे अजून, तुला आठवत असेल.

एक गंमत. विशूनं हट्टच धरला, की सीसॉवर नंबर टाकायचा. खडूनं नाही, खऱ्या रंगानं. म्हटलं, काय बिघडतं? सुकलूकडून डब्यातला थोडा रंग आणला, ब्रश आणला. तिचा हात हातात धरला, पण रेघा तिच्याच. वर १, खाली ४, त्याखाली ५. काय आकडे काढलेत! एकाची मान ताठ, चाराची खुर्ची बरोबर. डेपोतला कुणीही मनुष्य म्हणेल, हे अक्षर बापूराव दुर्ग्याचंच. रात्रभर तिच्या बोटांना रंग होता, धुऊ देईना.

साहेब काही बोलले तर मी पाहून घेईन. तुला मुद्दाम कळवतो, कारण तू म्हणतेस पोर इथे शिकणार काय.

बापूराव

आलापल्ली
११ मे १९८७

कुंदा,

आज मायना विसरलो, तो मनात समजून घे.

तुझ्या आईकडून किंवा शकिलाबाईकडून तुला कळण्याआधी मीच लिहितो. या दोघी मिळून काय मीठ-मिरची लावतील सांगता येत नाही.

आज सकाळी मी आणि विशू बागेत गेलो, तर सीसॉ गायब. नुसती घोडी उभी. दोर एका बाजूला व्यवस्थित गुंडाळून ठेवलेला. मला वाटलं चोरी. पण चोर दोर गुंडाळून ठेवतो का? विशू मात्र अजिबात रडली नाही. उलट खूश. "गेला, आबा! गेला!" म्हणून उड्या मारत होती. मला त्याचा अर्थ लागला नाही.

कुंपणापलीकडे बघतो तर लालसू. त्याला हाक मारली. म्हटलं, "लालसू, इथला ओंडका कुठी गेला?"

लालसू म्हणाला, "लॉटात, बाबूजी. पहाटे कुंपणाचा उरलेला माल उचलाले आलतो. त्याच्यावर नंबर होता तुमच्या हातचा. फक्त सरकारी हातोड्याचा छाप राह्यला होता, तं मी मारून देलो."

"अरे, तो सीसॉ होता!"

"मले का मालूम? नंबर तं होता."

आता त्याला काय बोलणार? तीस वर्षं मीच या माणसाला सांगत आलो, की लालसू, नंबर दिसला की विचार करायचा नाही, थप्पीला लावायचा. त्यानं विचार केला नाही, थप्पीला लावला. तो लॉट परवाच लिलावात गेलेला. बल्लारशाचे आरागिरणीवाले मन्सूरभाई यांनी घेतला, आणि आज त्यांचा ट्रक भरत होता.

मी धोतर सावरत धावलो. विशू माझ्यापुढे. आमचा ओंडका ट्रकच्या मागे खालीच पडला होता, १, ४, ५ आभाळाकडे करून, आता चढवणार एवढ्यात ही त्याच्यावर जाऊन बसली. घोड्यावर बसतात तशी, दोन्ही हातांनी घट्ट धरून. हमाल थांबले. मन्सूरभाई खुर्चीवरून उठून आले. चांगला माणूस, पोटानं जरा मोठा.

"बेटा, उतर जा. पैर दब जाएगा."

"नाई उतरत."

मला वाटलं, खेळणं नेऊ नये म्हणून पोर अडून बसली. ऊर भरून आला माझा. मी मन्सूरभाईंना सांगितलं, "भाई, हा सीसॉ आहे, बागेतला. चुकीनं आला. लेकराचा जीव आहे त्याच्यावर, नेऊ देणार नाही ती."

विशू म्हणाली, "नेऊ द्या ना! मी बी जाऊन राह्यली."

"कुठी जाऊन राह्यली, बाई?"

"मायकडे. माह्यावर बी नंबर हाय." आणि तिनं बाही वर केली.

कुंदा, तिच्या दंडावर रंगानं नंबर होता. वर २, खाली ४, त्याखाली ५. मी ब्रश धुवायला गेलो होतो, तेवढ्यात काढला असणार. नऊ दिवस तिनं लांब बाहीचा झगा काढू दिला नव्हता, उन्हाळ्याच्या एवढ्या उकाड्यात, आणि आंघोळीला हात पुढे करत नव्हती. तुझी आई म्हणे, "पोरीले का झालं?" आणि मी म्हणे, लाड करून घेते, दुसरं काय.

ओंडका तिनं तुझ्यासाठी नंबर टाकून पाठवला होता, नागपूरला क्वार्टरापुढे खेळायला. आणि दुसरा नंबर तिचा. बिना नंबरचं नाक्यावर अडवतात, हे मीच शिकवलं होतं.

लालसूनं टोपी काढली, कशाला कुणास ठाऊक. मी खाली बसलो. मला रडू आलं, चारचौघांत, हमालांसमोर. लपवून काय करू, आता तुला सगळं कळणारच आहे.

मन्सूरभाईंनी बाजी राखली. ते विशूपुढे वाकले, दंडावरचा नंबर तोंडाजवळ नेऊन वाचला आणि एकदम गंभीर होऊन म्हणाले, "माल तो बराबर है. लेकिन पास किधर है?"

विशूनं माझ्याकडे पाहिलं.

मन्सूरभाई म्हणाले, "बिना पास के मेरा ट्रक नहीं जाता, बेटा. पास तेरी अम्मी के पास है. वो लेके आएगी. बराबर, बाबूजी?"

मी म्हटलं, बरोबर.

मग त्यांनी ओंडका परत बागेत न्यायला लावला आणि त्याच्या बदल्यात दुसरा मागितला. साहेब आधी तापले, मग हसून हसून खुर्चीत मागे पडले, आणि सगळं मिटलं. जाण्याआधी मन्सूरभाई सीसॉच्या एका टोकावर बसले, विशू दुसऱ्या टोकावर. ती जी वर गेली ती वरच. ते उठतील तेव्हा खाली येणार. वरून ओरडत होती, "आबा, बल्लारशा दिसून राह्यलं!"

आता भाषण बंद करतो. ये. जूनची वाट बघू नको, सुट्टी मिळेल तेव्हा ये, आणि तुझी मुलगी घेऊन जा. तुझी आई इथे म्हणते आहे, "हे आपल्या हातानं लिवून राह्यले का?" हो, मीच लिहितो आहे.

तुझा बाप

आलापल्ली
२८ जून १९८७

चि. कुंदा हिस सप्रेम जयभीम.

तुम्ही नीट पोहोचलात, हे तुझ्या आईच्या नावच्या कार्डावरून वाचलं. विशूला शाळेची चौकोनी पाटी आवडली आणि तिनं बाईंच्या टेबलावर नंबर टाकला, हेही वाचलं. बाईंना सांग, रागावू नका, आमच्या घराण्यातला धंदा आहे.

तू दोन दिवस राहिलीस, माझ्याशी बोललीस ते सगळं आईमार्फत. "बाबांना विचार, चहा घेतील का." मी हातभर अंतरावर बसलेलो. तुझी आई मान वळवून, "चहा घेसान का?" मी तिला, "घेईन म्हणावं." तिसऱ्या कपाला ती वैतागली आणि म्हणाली, "मले का पोस्टमन समजता का दोघं?" तू हसलीस, पण तोंड फिरवून. मी पाहिलं.

बागेतलं मात्र एक तुला सांगायचं राहिलं. तू घसरगुंडीच्या खाली उभी होतीस, हात पसरून. तुला विशू दिसत होती, मी दिसत नव्हतो. मी शिडीशी मागे उभा होतो, ती पडू नये म्हणून. ती वर बसली, तुझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं आता गेली. पण ती मागे वळली आणि अगदी हळू विचारलं, "आबा, जाऊ?"

मी म्हटलं, "जा, बाई."

मग ती गेली. तू झेललीस. तुम्ही दोघी मातीत पडून हसत होता, तेव्हा मी शिडी धरून तिथेच उभा होतो. मला वाईट वाटत होतं आणि फार बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम. या वयात असं काही होतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता खरी गोष्ट. तुमची सकाळची बस गेली आणि मी बसस्टँडवरून निघालो. पोस्टात गेलो, लोक हसले. पानठेल्यावर गेलो, तिथेही हसले. डेपोवरून गेलो तर लालसूनं मला थांबवून मागून नीट वाचलं आणि म्हणाला, "बाबूजी, हातोडा मारू का?" मला काही कळेना. घरी आलो तर दारात शकिलाबाई पदरात तोंड खुपसून उभी. "भाऊ, सदरा काढून पाहा ना."

सदरा काढला. पाठीवर खडूनं, वर ३, खाली ५, त्याखाली ५. बसमध्ये चढताना मला मिठी मारली होती ना तिनं, तेव्हाचं नाही ते. सकाळी मी चहा पीत बसलो होतो तेव्हाचं. ती माझ्यामागे उभी राहून किती वेळ काही करत होती आणि मला वाटलं पाठ खाजवते आहे.

तुझ्या आईला म्हटलं, "तुला दिसलं नाही?"

"पाह्यलं नं. मले वाटलं, तुमाले मालूम हाय." आणि मग ती आत गेली आणि आपली पत्र्याची पेटी घेऊन आली. पेटीच्या झाकणावर खडूनं वर ४, म्हणजे तिचा नंबर. खालचे आकडे पुसट झाले होते. तिनं ते बोटानं पुसू दिले नाहीत मला.

सदरा धुवायचा नाही असं ठरलं आहे. तो खुंटीवर आहे. मी बागेत रोज जातो, संध्याकाळी. सीसॉला आता मुठी लागल्या आहेत, सिमेंटही झालं. त्याच्यावरचा नंबर साहेबांनी तसाच राहू दिला. मी एका टोकावर बसतो, गावातली तीन-चार पोरं मिळून दुसऱ्या टोकावर बसतात, तेव्हा कुठे मी वर जातो. बल्लारशा दिसत नाही. विशूची नजर चांगली आहे.

तर कुंदा, इथे तीन आणि चार नंबरचा माल तयार आहे. नंबर पडला आहे, थप्पीला लागला आहे. पावसात भिजायच्या आत उचललेला बरा. नाक्यावर अडवू नये म्हणून पास तेवढा पाठव. मोठा काही नको, पंधरा पैशांचं कार्ड चालेल. दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे.

फक्त वर "बाबांस" लिही.

बापूराव